रंगीत प्रिंटरची निवड : एक भाषाविभागीय प्रकरण

मराठीच्या प्राध्यापकांना यंत्रातले काही कळत नाही, अशी आमच्या महाविद्यालयात एक सर्वमान्य समजूत आहे, आणि ती खोडून काढण्याचा आम्ही कधी फारसा प्रयत्न केलेला नाही. समजूत सोयीची आहे. त्यामुळे २०२५ च्या जानेवारीत मराठी, हिंदी, इतिहास हे तीन विभाग आणि ग्रंथालय यांच्यासाठी मिळून एक रंगीत प्रिंटर घ्यायचे ठरले आणि त्याच्या निवडीचे काम खरेदी समितीने आम्हा दोघांकडे सोपवले, तेव्हा स्टाफरूममध्ये पिकलेला हशा आम्ही समजू शकतो. हे काम आम्ही मागून घेतले होते, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नव्हते. मागून घेण्याला कारण होते.

त्याआधी आमच्या मजल्यावर शाईच्या टाक्यांचा एक प्रिंटर होता. तोही आम्हीच पसंत केला होता. पसंतीचा निकष एकच : स्वस्त. यंत्राचा संगणकाशी संबंध एका वायरीपुरता, आणि तो संगणक इतिहास विभागात. बाकीच्यांनी त्या संगणकाच्या मार्फत छपाई करायची. परिणामी इतिहास विभागाला कुलूप असले की मराठी छापत नसे. या वाक्याचा वाङ्मयीन अर्थ काढण्याचा मोह आम्ही चार वर्षे आवरला. आता लिहून टाकतो.

२०२४ च्या जुलैत एम. ए. च्या एका विद्यार्थिनीची मौखिकी होती. तिचा संशोधन-प्रकल्प पोळ्याच्या झडत्यांवर होता. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की पोळ्याला गावच्या आखरावर तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि तोरण तुटण्याआधी शेतकरी एकामागून एक झडत्या म्हणतात. त्यात महादेव-पार्वती असतात, सावकार असतो, कापसाचा भाव असतो आणि अलीकडे पुढारीही असतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेऊन निघालेल्या मुलांचा. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला लांबून माणसे येतात. या मुलीने २०२३ च्या पोळ्याला आपल्या आणि आसपासच्या गावांत फिरून झडत्या उतरवून घेतल्या, म्हणणाऱ्यांची छायाचित्रे घेतली, झुली, बेगड, गेरूचे ठिपके आणि शिंगांचा हिंगूळ यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. छायाचित्रांची बावीस पाने होती. शहरातल्या दुकानात रंगीत पानाचा दर तिला परवडणारा नव्हता, म्हणून आम्हीच म्हटले, विभागात छाप. तिने दोन दिवस बसून तीन प्रती छापल्या, बांधून घेतल्या आणि मौखिकीच्या आदल्या संध्याकाळी त्या घेऊन ती आर्वीच्या बाजूच्या बसमध्ये बसली. खिडकीला काच नव्हती. पाऊस तर जुलैचा.

दुसऱ्या दिवशी तिने त्या प्रती आमच्यासमोर ठेवल्या. झडत्या जशाच्या तशा होत्या. काळे अक्षर कुठेही हलले नव्हते. बैल मात्र वाहून गेले होते. पानावर गुलाबी, निळे आणि पिवळे ओघळ, त्यांत कुठेतरी एक शिंग. तिच्या वडिलांनी रात्री त्या प्रती चुलीजवळ वाळत घातल्या आणि विचारले होते, "बैलं धुवाले नेले होते का वं?" हे तिने आम्हाला हसत सांगितले. आम्हाला हसता आले नाही. मौखिकी झाली, गुणही चांगले मिळाले, पण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते प्रकरण चाळून, "चित्रे नीट आली नाहीत," एवढेच म्हटले. तीवर ती काही बोलली नाही. आम्ही बोलायला हवे होते. आम्हीही बोललो नाही.

पुढे आम्हाला कळले ते असे. त्या प्रिंटरची काळी शाई एका जातीची होती आणि तीन रंगांच्या शाया दुसऱ्या जातीच्या. काळ्या शाईत रंगाचे न विरघळणारे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ते कागदावर बसले, वाळले, की पाण्याला सहसा दाद देत नाहीत. रंगीत शायांमध्ये रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. तो कागदात मुरतो, दिसतो सुरेख, पण पुन्हा पाणी मिळाले की पुन्हा विरघळतो. टाक्यांच्या पुष्कळ यंत्रांत अशी जोडी असते. यंत्राचा दोष म्हणावा तर तसे नाही; माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. संहितेच्या तळटीपा वाचा, असे दरवर्षी वर्गात सांगणाऱ्या आम्हा दोघांपैकी कोणी ते वाचले नव्हते, इतकेच.

तेव्हा या खेपेस आम्ही वाचले. जानेवारीपासून मार्चपर्यंत, म्हणजे आर्थिक वर्ष संपेपर्यंत, आम्ही जितकी माहितीपत्रके वाचली तितकी समीक्षा त्या काळात वाचली नाही. आणि खरे सांगायचे तर ते वाचन नीरस नव्हते.

रंगीत छपाई चार रंगांची असते : निळ्याहिरव्याच्या मधला एक, ज्याला सायन म्हणतात, किरमिजीकडे झुकणारा मॅजेंटा, पिवळा आणि काळा. पहिल्या तिघांच्या मिश्रणातून काळा निघायला हवा, पण प्रत्यक्षात निघतो तो चिखली तपकिरी, म्हणून काळा वेगळा घ्यावा लागतो. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला तेव्हा एका चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा शिळाछापाचा दगड लागे आणि प्रत्येक दगडाचा ठसा नेमका आधीच्या ठशावर बसवावा लागे. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या 'दीपावली'ची मुखपृष्ठे आम्ही नियतकालिकांच्या इतिहासात मोठ्या भक्तिभावाने दाखवतो, पण ते रंग कागदावर कसे उतरत हे वर्गात कधी सांगितले नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हते. भिंग घेऊन जुना अंक पाहिला तेव्हा प्रथमच ते ठिपके दिसले. वीस वर्षे वाङ्मयेतिहास शिकवून.

आता शाई की पूड, हा मुख्य प्रश्न. शाईच्या यंत्रात केसाहून बारीक छिद्रांतून थेंब उडतात. लेसरच्या यंत्रात शाईच नसते. रंगीत प्लास्टिकची अतिबारीक पूड असते, ती स्थिर विद्युतभाराने कागदावर ओढली जाते आणि मग तापलेल्या रुळांमधून जाताना वितळून कागदाला चिकटते. विजेच्या भाराने कोरडी पूड उचलण्याची ही कल्पना चेस्टर कार्लसनने १९३८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका भाड्याच्या खोलीत प्रथम सिद्ध केली. वितळून बसलेली पूड पाण्याने हलत नाही. आमच्यापुरता खटला इथेच निकाली निघायला हरकत नव्हती. पण आमच्यापैकी एकाला छायाचित्रांतला ओलावा, त्यांची खोली महत्त्वाची वाटत होती. ती शाईत येते. लेसरचे चित्र थोडे सपाट, थोडे मेणचट दिसते, आणि पान दुमडले तर घडीवर रंग उडतो. शिवाय सर्व रंग कणयुक्त असलेली शाईची यंत्रेही मिळतात, मग ती का घेऊ नयेत, असा मुद्दा होता. तो बिनतोड होता.

त्याला उत्तर सापडले ते वर्ध्याच्या उन्हाळ्यात. शाईच्या यंत्राला रोज नाही तरी आठवड्याला काही छापावे लागते. नाहीतर छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते. आमचे महाविद्यालय मे महिन्यात बंद होते आणि जून बराच सरल्यावर भरते. या काळात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे सहज जातो. बंद खोलीत, पत्र्याच्या कपाटाशेजारी, काय होत असेल ते कपाटालाच ठाऊक. जुन्या यंत्राचा अनुभव होताच : दर जूनला छिद्रे साफ करण्याची आज्ञा द्यायची, यंत्र घरघरायचे, टाकीतली शाई खाली उतरायची आणि ती कागदावर न येता पोटातल्या एका स्पंजात जिरायची. एका जूनमध्ये अर्धी निळी टाकी अशी गेली. एकही पान न छापता. कोरड्या पुडीला उन्हाळ्याची सुट्टी बाधत नाही. पावसाळ्यातली दमट हवा कागदाला बाधते, तो वळतो आणि अडकतो, पण ते दुखणे दोन्ही जातींना सारखेच.

तर लेसर. मात्र लेसरचीही नखरेल बाजू आहे. रुळ तापवताना ते एकदम इतकी वीज ओढते की छोट्या यूपीएसवर त्याला बसवू नये. थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावे. बंद खोलीत ठेवू नये. चारही पुड्यांचे संच एकदम संपले तर त्यांची किंमत यंत्राच्या किमतीच्या आसपास पोचते, आणि नव्या यंत्राबरोबर येणारे संच पुष्कळदा अर्धवट भरलेले असतात. दुकानदार हे विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारले तर तत्परतेने सांगतो.

किमतीबद्दल एक गोष्ट वाचकांपैकी जे कोणी अशा समितीवर असतील त्यांना सांगून ठेवतो. संचावर 'दोन हजार पाने' असे लिहिलेले असते. ही पाने कोणाची? आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ठरवून दिलेली काही नमुना पाने आहेत. रंगीत लेसरसाठीच्या मानकाचा क्रमांक १९७९८, शाईच्या यंत्रांसाठी २४७११. ती पाने ओळीने, सलग छापत जाऊन संख्या काढतात. त्या पानांवर एकेका रंगाचा वापर बेताचा असतो. ढोबळ हिशेबात पानाचा पाच टक्के भाग धरतात. झुलीसकट बैल पानभर उभा केला की हा हिशेब कोलमडतो. आणि आपण काही सलग छापत नाही. सकाळी एक सूचना, दुपारी एक प्रमाणपत्र, संध्याकाळी कोणाचे तरी रेल्वेचे तिकीट. प्रत्येक वेळी यंत्र जागे होते, स्वतःला तपासते, थोडी पूड खाते. म्हणून तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता करताना आम्ही यंत्राच्या किमतीचा रकाना शेवटी टाकला आणि आधी आमच्या गेल्या वर्षीच्या कागदांची मोजदाद केली. शंभरातली नव्वदच्या आसपास पाने काळी निघाली. उरलेल्यांतली बहुतेक कार्यक्रमांच्या अहवालाची : दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, समोर बसलेले विद्यार्थी. मूल्यांकनाच्या फायलींसाठी ही छायाचित्रे रंगीत लागतात असा समज आहे. कोणत्या नियमात आहे ते आम्हाला सापडले नाही. वाङ्मयाच्या कामाची रंगीत पाने वर्षभरात शंभरही भरली नाहीत, आणि त्यांतली सहासष्ट त्या एका मुलीची होती.

नागपूरच्या दुकानात यंत्रे पाहायला गेलो तेव्हा आम्ही आमचे चाचणीपान पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. दुकानदाराचे चाचणीपान म्हणजे एक परदेशी फळांची टोपली आणि एक हसरे मूल. त्यावर कोणतेही यंत्र चांगले दिसते. आमच्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात रंगांची नावे त्या-त्या रंगात होती : अबोली, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी, केतकी, वांगी. अबोली आणि फिकट केशरी यांत फरक दाखवू न शकणारी दोन यंत्रे तिथेच बाद झाली. दुकानातल्या मुलीने, बहुधा साड्यांच्या सवयीने, तिसऱ्या यंत्राचा आमसुली 'मळका' ठरवला, तो आम्ही मान्य केला. खालच्या अर्ध्या भागात 'वऱ्हाड', 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ज्ञानेश्वर', 'वाङ्मय', 'ऱ्हस्व' असे शब्द होते. आम्हाला वाटे की जोडाक्षरे मोडतात ती प्रिंटरमुळे. 'वऱ्हाड'चा 'वर्हाड' झालेला आम्ही इतक्यांदा पाहिला आहे की वर्धा नदीपलीकडचा तो मुलूख आता नकाशातही तसाच लिहितील अशी भीती वाटते. दुकानातच उमगले की प्रिंटर बिचारा निर्दोष आहे. संगणक अक्षराचे चित्र करून देतो तेच तो छापतो. दोष फॉन्टाचा, किंवा आमचा. हिंदी विभागाचे सहकारी अजून कृतिदेवात टाइप करतात, आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत आहेत, आणि जो फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नाही त्यातला मजकूर तिथे उघडला की संत तुकाराम इंग्रजी चिन्हांत बोलू लागतात. फॉन्ट आत बसवून पीडीएफ करावी, एवढाच त्यावर उपाय आहे. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवली, तरी आमच्या सूचनाफलकावर आजही हिंदी वळणाचे 'श' लागतात. हा विषय वेगळा आहे, पण राहवत नाही.

जाळ्याबद्दल आमचे मत अनुभवाने पक्के होते : प्रिंटर कोणत्याही एका संगणकाचा आश्रित नसावा. त्याला स्वतःची नेटवर्कची वायर आणि जाळ्यात स्वतःचा कायमचा पत्ता हवा. संगणक विभागाच्या सहकाऱ्यांनी तो पत्ता राखून दिला. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि सगळे संगणक जुन्या घरी पत्रे टाकत बसतात. दुसरी अट अधिक महत्त्वाची होती. २०२३ मध्ये आमच्यापैकी एकाने घटक चाचणीची प्रश्नपत्रिका छापायला पाठवली. तेव्हा इतिहास विभाग बंद. संध्याकाळी कोणीतरी संगणक सुरू केला आणि प्रश्नपत्रिका निवांतपणे बाहेर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी ती घडी करून घेऊन आला, "सर, हे तुमचं असावं." त्याने ती वाचली होती का, हे आम्ही विचारले नाही. चाचणी नव्या प्रश्नांनी घेतली. म्हणून नव्या यंत्रात परवलीचा अंक दाबल्याशिवाय पान बाहेर येऊ नये, ही सोय आम्ही मागितली आणि तिच्यासाठी वरच्या किमतीचे प्रारूप घ्यावे लागले.

(जाता जाता : अनेक रंगीत लेसर यंत्रे प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे फिकट पिवळे ठिपके छापतात आणि त्यांत यंत्राचा क्रमांक, छपाईची वेळ अशी माहिती सांकेतिक रूपात असते. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका नागरी हक्क संस्थेने हा संकेत एका यंत्रापुरता उलगडला. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना याचा हेवा वाटावा. महानुभावांच्या पोथ्यांवर असे ठिपके असते तर!)

वर्ध्यात कागदाचा विषय निघाला की मगनवाडी आठवणे क्रमप्राप्त आहे. १९३४ मध्ये तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, कुमारप्पांनी त्याचे काम वाहिले, आणि तिथल्या उद्योगांत हातकागद होता. गांधीजी आलेल्या पाकिटांच्या आतल्या बाजूला मजकूर लिहीत, हे तर शाळेतल्या मुलालाही माहीत असते. आमच्या प्राचार्यांनी सूचना काढली की नव्या प्रिंटरवर पाठकोरे कागद वापरावेत. भावना वंदनीय. पण एकदा तापून निघालेला कागद वळलेला असतो, त्याला पिनेची भोके असतात, क्वचित पीनही असते, आणि लेसरच्या पोटातला पट्टा व रूळ यांना ती परवडत नाही. आम्ही लेखी कळवले की पाठकोऱ्यांवर हाताने लिहावे. यंत्राने नवा कागद दोन्ही बाजूंनी छापावा. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणे आणि न सांगता काळ्यातच छापणे, या दोन गोष्टी मुळातच ठरवून ठेवल्या. रंग हवा असेल त्याने मागावा.

कोणाला मिळावा, यावर बैठक झाली आणि ती लांबली. विभागप्रमुखांनाच रंगाची परवानगी, असा प्रस्ताव होता. आम्ही विरोध केला. विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रकल्पांना आधी, अहवालांना नंतर, असा ठराव आम्ही मांडला आणि तो एका मताने पडला. मग तडजोड झाली : प्रत्येक प्रकल्पाला तीस रंगीत पाने. तीस हा आकडा कुठून आला हे कोणी विचारले नाही.

मंजूर रक्कम पंचेचाळीस हजार. आमच्या अटींचे यंत्र सत्तावन्नला पडत होते. वरचे बारा हजार मराठी विभागाच्या ग्रंथालयीन वाट्यातून घेतले, त्यात त्या वर्षीची दोन त्रैमासिके बंद झाली. यावर आम्हा दोघांचे एकमत नव्हते आणि अजून नाही. एकाचे म्हणणे, ज्या विभागात त्रैमासिक बंद करून प्रिंटर येतो तिथे छापण्याजोगे लवकरच काही उरणार नाही. दुसरीचे म्हणणे, त्या त्रैमासिकांची पाने वर्षभर फाडली गेली नव्हती. ती आम्ही घरच्या प्रती आणून ठेवू. घरच्या प्रती आम्ही आणतो. त्याही कोणी फाडत नाही.

मार्चच्या अखेरीस यंत्र आले. पहिल्या आठवड्यात आम्ही त्या मुलीच्या फायली शोधल्या आणि बावीस पाने पुन्हा छापली, तिला कळवले. ती आता हिंगणघाटला एका शिकवणीवर्गात शिकवते. येते येते म्हणता ऑगस्ट उजाडला. पोळा दोन-तीन दिवसांवर होता. तिने पाने हातात घेतली, चाळली, एका पानावर थांबली. मग पिशवीतली पाण्याची बाटली काढली, बोट ओले केले आणि बैलाच्या शिंगावर घासले. एकदा, दोनदा. बोट पाहिले. स्वच्छ होते.

"पक्का आहे," ती म्हणाली. "पण हिंगूळ असा नसते, मॅडम. हा तर गुलाबीच आला."